कोकणातलं सामाईक घर : कौलं ठेवायची, पत्रा घालायचा की पाडायचं?

गडगा · १२ डिसेंबर

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ले पट्ट्यात आमचं घर आहे. माळ्यावरच्या तुळईवर शके १८३० कोरलंय, म्हणजे १९०८ साल. बेडं (फाटकाचे आडवे दांडे) काढून आत आलं की खळं (अंगण), मग दोन पायऱ्या चढून पडवी, ओटी, माजघर, देवघर, काळोखी बाळंतिणीची खोली आणि मागीलदारी न्हाणी नि विहीर. जोतं कमरेइतकं उंच. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, जोडणी मातीतली. खांब फणसाचे, तुळया ऐनाच्या. कौलं मंगलोरी, काहींच्या पाठीवर बासेल मिशनची अक्षरं अजून वाचता येतात. त्या मिशनने मंगळुरात १८६५ साली कारखाना काढला आणि पुढे गलबतांतून ही कौलं किनाऱ्याने वर आली. आमच्या गोठ्यावर मात्र त्याच्याही आधीच्या पद्धतीचे, कुंभाराने हाताने वळलेले नळे आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आढ्यावरची कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा घातलेलं निळं प्लास्टिक साडेपाच वर्षं तसंच आहे. दर मेमध्ये कोणीतरी म्हणतं "यंदा शाकारणी नीट करू" (म्हणजे कौलं काढून पुन्हा बसवणं), दर जूनमध्ये नवं प्लास्टिक येतं. आम्ही पाच हिस्सेदार. एकाला पत्रा हवाय, एकाला पाडून स्लॅब, एकाचं म्हणणं विकून मोकळे होऊ, एक फोन उचलत नाही. मला घर राखायचंय.

आणखी एक दुखणं. २०१२ साली एका ठेकेदाराने मागच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. "आता शंभर वर्षं बघायला नको," म्हणाला. आज त्या गिलाव्यावर टिचकी मारली की आत पोकळ वाजतं. एक पोपडा काढून पाहिला तर मागचा चिरा बोटाने उकरला जातोय. समोरच्या भिंतीला कधीच गिलावा नव्हता, ती ठणठणीत आहे.

ज्यांनी असं घर दुरुस्त केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चिऱ्याचा हात · १२ डिसेंबर

दादा, मी गवंडी. तीस वर्षं हेच काम करतो. आधी भिंतीचं सांगतो.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो. उघड्यावर राहिला की घट्ट होत जातो. त्याला भोकं असतात. पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. तुम्ही सिमेंटने त्याचं तोंड बंद केलंत. पाणी जोत्यातून चढतंय, वरून गळतंय, बाहेर पडायला वाट नाही. मग ते आतल्या आत चिरा आणि मातीचा सांधा दोन्ही कुजवतं. तो गिलावा हळूहळू काढा, घणाने नको, छिन्नीने. काढल्यावर एक उन्हाळा भिंत तशीच उघडी सुकू द्या. मग चुन्यात दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरा. जे चिरे अगदी गेलेत ते एकेक करून बदला. पूर्ण भिंत पाडायला कोणी सांगितलं तर आधी दुसऱ्याला दाखवा.

आता छप्पर. कौलं नंतर, आधी वासे. वासा मधे कधी मरत नाही, टोकाला मरतो. भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीला. कोयतीचं टोक घेऊन प्रत्येक वाशाच्या टोकाला टोचा. पाव इंचावर अडलं तर लाकूड चांगलं. लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा तुकडा सांध्याने जोडता येतो, अख्खा वासा टाकायची गरज नाही. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) मात्र बहुतेक सगळ्या बदलाव्या लागतील.

कौल कसं ओळखायचं? दोन बोटांवर धरून दुसऱ्या हाताने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बारीक चीर आहे, बाजूला करा. आणि एक लक्षात ठेवा : नव्या कौलाची खाच जुन्या कौलात नीट बसत नाही. एकात एक मिसळलीत तर गळणार म्हणजे गळणार. चांगली जुनी सगळी पुढच्या पाखीवर (छपराच्या उतारावर) घ्या, नवीन मागच्या पाखीवर.

वळचण · १३ डिसेंबर

वरचा प्रतिसाद छापून ओटीवर लावण्यासारखा आहे. पत्र्याबद्दल माझा अनुभव : आम्ही वादळानंतर पत्रा घातला, कारण तेव्हा कौलं मिळेनात आणि पाऊस दारात उभा होता. दोष कोणाला देत नाही. पण मे महिन्यात माजघरात दुपारी बसवत नाही. पूर्वी त्याच माजघरात आम्ही जेवून आडवे व्हायचो. पाऊस लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कौलाच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, ते आता कळतंय.

सून दापोलीची · १३ डिसेंबर

गडगादादा, राग मानू नका, पण या धाग्यावर कोणीतरी हे लिहायला हवं. मी अशा घरात बावीस वर्षं राहते. सुट्टीला येत नाही, राहते.

दर आठ-दहा दिवसांनी शेणाने सारवते. पावसाळ्यात सारवलेलं वाळत नाही, पोरांच्या पायाला ओल लागते. वाशांमधून वाळवीची माती जेवणाच्या ताटात पडते. कौलातून साप आलाय, एकदा नव्हे. संडास घरापासून वीस पावलांवर, रात्री म्हातारीला धरून न्यायचं पावसात. चुलीच्या धुराने वासे टिकतात म्हणतात, तो धूर माझ्या सासूने पन्नास वर्षं छातीत घेतला, आज तिला दम आहे. पुण्याहून येणारे भाऊजी झोपाळ्यावर बसून म्हणतात, "वहिनी, काही बदलू नका हं, इथे आलं की शांत वाटतं."

मला घर आवडत नाही असं नाही. उन्हाळ्यात ओटीवर जो गारवा आहे तो स्लॅबच्या घरात नाही, हे मी माझ्या माहेरच्या नव्या घरात राहून पाहिलंय. पण घर राखायचं तर आधी आत संडास-बाथरूम, माजघराला कोबा नाहीतर फरशी, स्वयंपाकघरात उजेड आणि धूर जायला वाट. हे करायला कोणी पैसे देत नाही, आणि केलं की "घराचं रूप घालवलं" म्हणतात. राखण कोण करतं, हे आधी ठरवा.

गडगा · १३ डिसेंबर

ताई, राग अजिबात नाही. आमच्या घरात माझी काकू एकटी राहते आणि तिच्याबद्दल मी वर एक ओळसुद्धा लिहिली नाही. वाचलं तेव्हा लाज वाटली. आज तिला फोन करून विचारलं, तुला काय हवंय. तिने एका श्वासात तीन गोष्टी सांगितल्या : आतला संडास, न्हाणीपर्यंत छप्पर आणि देवघरात एक खिडकी. पाच हिस्सेदारांच्या भांडणात हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

डेव्हनकर · १५ डिसेंबर

मी मूळचा चिपळूणचा, सध्या इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात. इथल्या खेड्यांत शेतातली माती आणि पेंढा पायाने तुडवून बांधलेल्या जाड भिंतींची घरं आहेत, त्यांना कॉब म्हणतात. कित्येक घरं तीन-चारशे वर्षांची, वर गवताचं छप्पर. इथली जुनी म्हण आहे की कॉबला चांगली टोपी आणि चांगले जोडे द्या, ते टिकतं. टोपी म्हणजे पुढे आलेली वळचण, जोडे म्हणजे दगडी जोतं. आपल्या आजोबांनी तेच केलंय.

गवंडीदादांनी सिमेंटचं सांगितलं ते इथेही शब्दाला शब्द घडलं. विसाव्या शतकात मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, ओल कोंडली, भिंती खालून फुगून ढासळल्या. आता लोक तो काढून चुन्याचा करतात.

इथे दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची सरकारी यादी करायला सुरुवात झाली. आज इंग्लंडभरात चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत आणि त्यांत राजवाड्यांइतक्याच हक्काने शेतकऱ्यांची घरं, कोठारं, पूलसुद्धा आहेत. १७०० च्या आधीचं, मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेलं घर जवळजवळ आपोआप यादीत जातं. मग खिडकी बदलायलाही परवानगी. जाच होतो, मालक वैतागतात, अनुदान फारसं मिळत नाही. पण घर कुठे आहे, कसलं आहे, हे गावाबाहेर कोणाला तरी माहीत असतं. आपल्या तालुक्यात एक घर पडलं तर ते होतं याचीच नोंद नाही.

पांढरीतला · १५ डिसेंबर

आपल्याकडे कायदा आहे, पण तो स्मारकांसाठी. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. त्यामुळे रत्नागिरीचा थिबा राजवाडा जपला जातो, टिळकांचं जन्मघर जपलं जातं. मुंबईला १९९५ साली वारसा नियमावली मिळाली. खेड्यातल्या राहत्या घराला यातलं काही लागू होत नाही. ते कोणा थोराचं जन्मस्थान असलं तरच वाचतं. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तुमच्याच तालुक्यात पालगडला साने गुरुजींचं. दोन्ही जरूर पाहा, कौलारू घर मुळात कसं असायचं ते कळतं. पण ज्या घरात कोणी कवी जन्मला नाही त्याचं काय?

वाडीकर · १६ डिसेंबर

मला वेगळं बोलायचंय. इथे सगळे चिऱ्याच्या, जोत्याच्या, ऐनाच्या तुळयांच्या घरांबद्दल लिहितायत. शंभर वर्षांपूर्वी कोकणात असं घर कोणाचं होतं? खोताचं (सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्याचं), सावकाराचं, फार तर पेन्शनर मामलेदाराचं. आमच्या वाडीतली घरं कारवीच्या कुडाची. कारवी उभी बांधायची, दोन्ही अंगांनी माती-शेण लिंपायचं, वर पेंढा. बारा महिन्यांनी पेंढा बदलायचा. अशी घरं शंभर वर्षं उभी राहत नाहीत, म्हणून त्यांना वारसा कोणी म्हणत नाही.

आणि त्या मोठ्या घरांचं जोतं कोणी रचलं? माझे पणजोबा सांगायचे म्हणून आजी सांगायची : खाणीपासून चिरे डोक्यावरून वाहिले, मजुरी नाही, वेठ. डॉ. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती मोडण्याचं विधेयक आणलं ते याच मुलखासाठी. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात, रमाईंचं वणंद दापोलीपासून जवळ. तिथेही जाऊन या.

घर पाडा असं मी म्हणत नाही. ते आमच्या हातांचंही आहे, म्हणून उभं राहावं असंच मला वाटतं. पण त्याचा इतिहास लिहाल तेव्हा तुळईवरच्या शकाबरोबर हेही लिहा.

गडगा · १६ डिसेंबर

लिहीन. आमचं घराणं खोतांचंच. हे कधी घरात बोललं गेलं नाही, पण जुन्या चोपड्यांत "वेठीची माणसे" असा रकाना आहे, मी स्वतः पाहिलाय. त्यात आकडे आहेत, नावं नाहीत.

नमुना आठ · १८ डिसेंबर

मी रत्नागिरी जिल्ह्यात वकिली करतो. माझ्यासमोर आलेली बहुतेक जुनी घरं पावसाने पडण्याआधी सामाईकपणाने पडलेली असतात. सगळ्यांचं असतं, म्हणून खर्च कोणीच करत नाही, आणि केलाच तर बाकीचे म्हणतात "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नव्हे, तो कर आकारणीचा कागद आहे. घराखालची जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे ते वेगळं पाहा. गावठाणातल्या घरांना आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकतपत्रिका मिळतायत, पण आपल्याकडे घरं वाडी-वाडीने विखुरलेली, पुष्कळदा गावठाणाबाहेर आगरात. तेव्हा त्याची वाट पाहत बसू नका.

वारसनोंद आधी पूर्ण करा. मग पाच जणांनी बसून कौटुंबिक व्यवस्थापत्र करा आणि नोंदवा. त्यात घराच्या भिंती मोजून वाटू नका. "ओटी तुझी, माजघर माझं" असं झालं की मधे भिंत पडते आणि छपराला दोन मालक होतात. घर एकत्र ठेवा, वहिवाट ठरवा : राहणार कोण, गणपतीला कोणी कधी यायचं, दर वर्षी शाकारणीला प्रत्येकाने किती द्यायचे, न दिल्यास काय. आणि बहिणींना विसरू नका.

माहेरची वाट · १८ डिसेंबर

शेवटच्या वाक्याबद्दल वकीलसाहेबांचे आभार. पूर्वी हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. मुलीला वारसा होता, पण भाऊ वाटणी करत नाहीत तोवर राहत्या घरात तिला वाटणी मागता येत नव्हती. २००५ साली ते कलम गेलं आणि मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी झाली. मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही तेव्हा "लग्नात दिलं नाही का" असं ऐकून घेतलं. पैशासाठी केलं नाही. सही केली असती तर भावांनी दुसऱ्याच महिन्यात घर विकलं असतं. माझा हिस्सा आडवा आला म्हणून ते आज उभं आहे. दर मेमध्ये मी जाऊन राहते. गडगा, तुमच्या पाच हिस्सेदारांत बहिणी मोजल्यात का?

गडगा · १९ डिसेंबर

नव्हत्या मोजल्या. दोन आत्या हयात आहेत, एका दिवंगत आत्याची मुलं आहेत. म्हणजे पाच नाही, आठ. मोठ्या आत्याला फोन केला तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "मला काही नको रे, पण कौलं माझ्या पैशातून घे."

माळवद · २१ डिसेंबर

मी धाराशिवकडचा (पूर्वीचं उस्मानाबाद). आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून घराला माळवद. दगडी भिंती, वर लाकडाच्या खणांवर मातीचं जाड छप्पर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दोन-दोन हात रुंद भिंती, आत नुसती गोटे-माती भरलेली, सांधणारा लांब दगड नाही. त्या फुटल्या आणि माणसं माती-दगडांखाली गेली. आमच्या गल्लीत ज्या घरांचं माळवद लाकडी खांबांवर होतं तिथे भिंती बाहेर पडल्या पण खांब उभे राहिले, त्याखालची माणसं वाचली. आमचं त्यातलं एक.

म्हणून जुनं ते सगळं भक्कम, असं मी कधी म्हणणार नाही. गडगा, तुमच्या घरात छपराचा भार खांबांवर आहे की नुसता भिंतींवर, ते काम काढण्याआधी बघून घ्या. सिमेंटने खिळखिळी झालेली भिंत भार घेत असेल तर आधी टेकू, मग बाकी सगळं.

चिऱ्याचा हात · २१ डिसेंबर

माळवददादा एकदम बरोबर. आमच्याकडच्या घरात बहुतेक मधल्या तुळया खांबांवर असतात, पण वाशांची खालची टोकं बाहेरच्या भिंतीवर. टेकू आधी.

गडगा · ९ मार्च

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. जानेवारीत आठही जण डोंबिवलीला एकत्र बसलो. विकायचं म्हणणारा चुलतभाऊ अजून विकायचंच म्हणतो, पण दहा वर्षं हिस्सा मागणार नाही एवढं लिहून द्यायला तयार झाला. त्याची अडचण खरी आहे, मुलीचं शिक्षण आहे. आत्याने आपल्या ठेवीतून कौलांचे पैसे दिले. व्यवस्थापत्र नोंदवलं. काकू जिवंत आहे तोवर घराचा कोणताही बदल तिला विचारल्याशिवाय नाही, हे पहिलं कलम.

काकूचा संडास आधी केला, छपराच्याही आधी. पडवीच्या टोकाला, न्हाणीला लागून. देवघराला खिडकी पाडताना गवंड्यांनी दोन चिरे अलगद काढले, वर आडवं लाकूड टाकलं. पहिल्या सकाळी देवांवर ऊन पडलं तेव्हा काकू नुसती बघत उभी होती.

मागच्या भिंतीचं सिमेंट पूर्ण निघालं. आतून ओला, काळपट भुगा निघाला, टोपल्याच्या टोपल्या. सतरा चिरे बदलावे लागणार आहेत. बाकी भिंत उघडी आहे आणि दर आठवड्याला तिचा रंग उजळतोय. सुरुवातीला जांभळट काळी होती, आता विटकरी दिसायला लागली.

शिमग्याला पालखी आली. गेली पाच वर्षं खळ्यातूनच परत जात होती, कारण पडवीवरची कौलं लोंबत होती आणि आत नाचवायची कोणाची छाती होत नव्हती. यंदा टेकू लावून पडवी मोकळी केली होती. वाडीतल्या पोरांनी पालखी ओटीपर्यंत आणली.

सून दापोलीची · ९ मार्च

संडास छपराच्या आधी. दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

वाडीकर · १० मार्च

त्या चोपडीचे फोटो काढून ठेवा. रकान्यातले आकडे मला पाठवा. आमच्या वाडीत दोन म्हाताऱ्या अजून आहेत ज्यांना कोण कोण जायचं ते ऐकून माहीत आहे. जुळवून बघू.

गडगा · २ एप्रिल

वाडीकर आणि मी परवा त्या दोघींकडे बसलो होतो. अकरा नावं मिळाली. एकीने सुताराचंही नाव सांगितलं, तुळईवर शक कोरणारा तोच. तो हर्णैचा होता आणि मजुरीत भात घ्यायचा. ही नावं वहीत उतरवलीत. माळ्यावरच्या पेटीत व्यवस्थापत्राची एक प्रत आहे, तिच्याबरोबर ती ठेवणार आहोत.

वासे तपासून झाले. एकोणचाळीसपैकी नऊ टोकाला गेलेत, कोयती थेट आत गेली. फणसाचे खांब चारही उत्तम. गोठ्यावरचे नळे उतरवताना एकेक उलटा करून पाहिला, प्रत्येकाच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या चार बोटांचे ओढलेले पट्टे आहेत, माती ओली असताना उठलेले. माझी बोटं त्यावर ठेवली तर थोडी मोठी पडतात.

येत्या शनिवारी मागची पाखी उतरवायला घेतोय. चार हजारांच्या आसपास कौलं आहेत, प्रत्येकाला टिचकी मारून वेगळं करायचंय. खळ्यात तीन रांगा आखल्यात : खणखणीत, शंकेची, बद्द. जवळपास कोणी असेल तर जरूर या, जेवण आमच्याकडे. सकाळी साडेसहाला सुरू करू, कारण दहानंतर उन्हाने कौल हातात धरवत नाही.